दोनशे एक्याण्णव प्रमुख पाहुणे

शलाका पोतनीसला कोणत्याही सभागृहाच्या दारात उभं करा, घोटभर पाणी पिऊन होईपर्यंत ती आत माणसं किती ते सांगायची. जरा रेंगाळली तर त्यातली भाषण ऐकायला किती आलीत, जेवायला किती, आणि न गेलो तर बरं दिसणार नाही म्हणून किती, तेही सांगायची.

कराडात तिचा कार्यक्रम आखून देण्याचा व्यवसाय होता. मांडव, माईक, हारतुरे काय, कुणीही आणून देतं. शलाका माणसं आणायची. पूर्वी त्यासाठी तिचे ठोकताळे होते. 'नक्की येतो' म्हणणाऱ्यांतले निम्मे धरायचे, 'बघतो' म्हणणारे जेवण असलं तर सहकुटुंब धरायचे, आणि 'अगं, विचारतेस काय!' म्हणणारा अजिबात धरायचा नाही. समाजमाध्यमांवर कसं उतरायचं याचीही पद्धत बसलेली होती. निमंत्रण पहिल्या दिवशी टाकायचं नाही. आधी एक जुना फोटो टाकायचा आणि मागच्या रांगेतले चेहरे जरा पुसट ठेवायचे, म्हणजे डावीकडून तिसरा कोण यावर दोन दिवस वाद चालतो. मग कुणाची तरी आठवण, मिनिटभराच्या रीलमध्ये. मग तारीख. तोवर माणूस मनाने येऊन बसलेला असतो. त्याला पत्ता तेवढा सांगायचा.

पडसाद आला आणि ही सगळी कारागिरी माळ्यावर गेली.

पडसाद म्हणजे काय, ते शलाका गिऱ्हाइकांना अगदी सोपं करून सांगायची. आपण दिवसभर फोनवर अंगठा फिरवतो. कुठे थांबतो, काय वगळतो, कुणाचा फोटो मोठा करून बघतो, काय लिहून खोडतो, या सगळ्याची नोंद होत असते. पंधरा-वीस वर्षांच्या नोंदी साचल्या की त्यातून त्या माणसाची एक गणिती प्रतिकृती उभी करता येते. तिला मन नसतं, आठवणी नसतात, गुडघेदुखी नसते. ती एकाच बाबतीत त्या माणसासारखी असते: तिच्यासमोर एखादी गोष्ट धरली, तर त्याचा अंगठा काय करेल ते ती बिनचूक सांगते. या प्रतिकृतीला पडसाद म्हणायचं. कराडच्या, बाहेरगावी गेलेले धरून, लाखभर माणसांचे लाखभर पडसाद दूर कुठल्याशा थंडगार इमारतीत तयार होते. शलाकाने कार्यक्रमाची माहिती भरली की यंत्र एकेका पडसादासमोर निमंत्रणाचे चार-चार हजार नमुने धरायचं, तेही डोळ्याचं पातं लवेपर्यंत. ज्या नमुन्याला अंगठा 'येतो'वर पडेल, तो नमुना त्या खऱ्या माणसाला जायचा. म्हणजे गावाला निमंत्रण जातच नव्हतं. ज्याला त्याला ज्याचं त्याचं जात होतं.

कुणाला काय गेलं ते उघडून बघायची सोय होती. पण तीनशे कार्डं उघडून कोण बघत बसतो? आकडा बरोबर येत होता. तीनशेदहा म्हटलं की तीनशेआठ माणसं हजर; उरलेल्या दोघांत एखाद्याची गाडी पंक्चर असायची.

तर अशा शलाकाकडे नोव्हेंबरात दत्ता येळगावकर आले. टाइल्सचं मोठं दुकान, बोटात तीन अंगठ्या, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यामागे कोण उभं आहे ते बघायची सवय. सरांना पंचाहत्तर पूर्ण होताहेत, जुन्या विद्यार्थ्यांनी सत्कार करायचं ठरवलंय, आणि काम घरच्याच माणसाकडे द्यावं असं सर्वानुमते ठरलंय, असं त्यांनी सांगितलं. सर म्हणजे मोरेश्वर पोतनीस, पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेले. शलाकाचे अप्पा.

अप्पांनी ऐकलं आणि स्वच्छ नाही म्हणून सांगितलं. आपल्याच कौतुकाला आपणच कोट घालून जायचं, यापेक्षा आपण दाढदुखी पत्करू, असं त्यांचं म्हणणं. फारच असेल तर शाळेच्या फळ्यावर एक सूचना लावा, ज्याला यायचं तो येईल. मी मात्र येणार नाही.

शलाकाला हे अपेक्षित होतं. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि तेव्हापासून अप्पांचं जग व्हरांडा, वर्तमानपत्र आणि फोनवरचं बुद्धिबळ एवढ्यावर येऊन ठेपलं होतं. त्यात निषाद. निषाद हा तिचा मोठा भाऊ, टोरांटोला असतो. आईच्या वेळी त्याला येता आलं नाही. फोनच्या पडद्यावरून तो सगळं बघत होता. भटजी मंत्र म्हणत असताना अप्पांनी चारचौघांसमोर तो फोन उचलला आणि पालथा ठेवला. तेव्हापासून बापलेकांत एक शब्द नाही. शलाका त्याला दिवाळीला फोनवर एक आकाशकंदील पाठवायची, तो एक अंगठा पाठवायचा. इतकंच.

तिला एवढंच हवं होतं की अप्पांनी एकदा भरलेलं सभागृह बघावं. पस्तीस वर्षं फळ्याकडे तोंड करून उभं राहिलेल्या माणसाने एकदा वळून बघावं, की मागे कोण कोण होतं. तिच्या मनाने हे इतकं घेतलं होतं की दुसऱ्या कामांच्या फोनलाही ती नीट उत्तर देईना.

तिने गंमत म्हणून फळ्यावरच्या सूचनेचा नमुना पडसादांसमोर धरून बघितला. उत्तर आलं: तेवीस.

तेवीस माणसांसाठी खुर्च्या मांडल्या तर सभागृह दात पडलेल्या तोंडासारखं दिसतं. तिने ठरवलं, यंत्राला मोकळं सोडायचं.

माहिती भरताना तारीख, वेळ, स्थळ या तीन रकान्यांना तिने कुलूप लावलं. यंत्राने त्यात हात घालायचा नाही. चौथा रकाना 'उपस्थिती'चा. तो मोकळा राहिला. यात विसराळूपणा नव्हता, उलट अनुभव होता. आपल्याकडे कार्डावर काय छापायचं ते एका बैठकीत ठरतं, पण कुणाचं नाव छापायचं ते छापखान्याच्या दारात ठरतं. अध्यक्ष कोण, प्रमुख पाहुणे कोण, कुणाचं नाव कुणाच्या वर, कुणाच्या नावाला जाड टाइप. माणसं यावरून सख्ख्या व्याह्यांशी बोलणं टाकतात. म्हणून कार्यक्रमवाल्यांचा हात त्या रकान्यापाशी आला की आपोआप 'नावं नंतर' म्हणून पुढे जातो. येळगावकर या नावांची यादी देणार होते. समितीत यादीवरून तीन बैठका झाल्या, दोघांनी राजीनामे दिले, आणि यादी काही आली नाही.

यंत्राला 'नंतर' कळत नाही. त्याला रकाना मोकळा दिसला.

माजी विद्यार्थ्यांची यादी तिने टाकली, त्यात सर म्हणून अप्पांचाही नंबर होताच. निषादचा तिने स्वतः घातला. आकडा चढू लागला. पहिल्या दिवशी ऐंशी, तिसऱ्या दिवशी दीडशे. येळगावकर रोज सकाळी फोन करून आकडा विचारायचे आणि तो आपल्यामुळेच वाढतोय अशा आवाजात 'हं' म्हणायचे. आठव्या दिवशी 'येणार'च्या यादीत एक नाव दिसलं आणि शलाका खुर्चीत सरळ बसली: मोरेश्वर पोतनीस.

त्याच संध्याकाळी अप्पांनी विचारलं, बंद गळ्याचा कोट कुठे आहे.

तिने का म्हणून विचारलं नाही. कारण विचारलं की माणूस विचार करायला लागतो आणि आकडा कमी होतो. तिने कोट काढून इस्त्रीला दिला. पुढच्या आठवड्यात अप्पांनी आणखी दोन-तीन गोष्टी विचारल्या. सभागृह स्टँडपासून लांब पडतं का, परगावच्या माणसाला सापडेल का, पुण्याच्या विमानतळावरून निघालेली गाडी रविवारच्या रहदारीत किती वेळात पोचते. सरांना विद्यार्थ्यांची काळजी, असं तिला वाटलं. न्हाव्याकडेही ते स्वतःहून जाऊन आले. शलाका खूष होती. तरीही आतून तिला काहीतरी टोचत राहिलं. जे काम इतकं सुरळीत चाललंय त्यात आपलं काय चुकतंय, असं.

शेवटचा आकडा दोनशे एक्याण्णव. त्यात अप्पा धरून.

रविवारी सकाळी साडेनऊला ती सभागृहात पोचली तेव्हा व्यासपीठावर सात खुर्च्या होत्या आणि त्यावर नऊ माणसं बसली होती. निवृत्त तहसीलदार बर्गे मधल्या खुर्चीवर, मांडीवर प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये भाषण. त्यांच्या खुर्चीच्या हातावर बूड टेकवून एक डॉक्टर. पायऱ्यांवर आणखी सहा-सात जण कुणी उठतंय का बघत ताटकळलेले. प्रत्येकाच्या हातात शाल आणि नारळ. टेबलावर नारळांचा ढीग झालेला, आणि येळगावकर डोक्याला फेटा बांधून त्या ढिगामागे घामाघूम उभे.

तिला बाजूला घेऊन ते दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, अध्यक्ष चौदा झालेत. काय केलंय तुम्ही?"

"आणि तुम्ही कोण आहात?" शलाकाने फेट्याकडे बघत विचारलं.

"मी स्वागताध्यक्ष. कार्डावर आहे तसं." मग जरा थांबून, "जाड टाइपात."

शलाकाने फोन काढला आणि पहिल्यांदाच कार्डं उघडली. बर्गे यांच्या कार्डावर अध्यक्ष म्हणून बर्गे. डॉक्टरांच्या कार्डावर डॉक्टर. खाली चौथ्या रांगेत बसलेल्या एका बाईंच्या कार्डावर सगळ्यात वर त्यांचं नाव आणि त्याच्या खाली, लहान टाइपात, वर्गात कायम पहिल्या आलेल्या त्यांच्या मैत्रिणीचं. सगळीच कार्डं मानाची नव्हती. कुणाला लिहिलं होतं, सरांना तुमचं अक्षर अजून आठवतं. एकाला, तुमची पोरं सरांना भेटतील तर त्यांना बरं वाटेल. यंत्राने कुणावर उपकार केले नव्हते की कुणाची फसवणूक. त्याने फक्त ज्याची जी जागा अनेक वर्षं मोकळी होती तिथे नेमकं बोट ठेवलं होतं.

सभागृह गच्च भरलं होतं आणि एकही माणूस स्वस्थ बसलेला नव्हता. जो तो घड्याळ बघत होता, व्यासपीठ बघत होता, आपलं नाव कधी पुकारतात याकडे कान लावून होता. शलाकाने असंख्य गर्द्या बघितल्या होत्या. सगळ्यांचंच काहीतरी येणं बाकी असलेली गर्दी तिने पहिल्यांदा बघितली.

दहाला अप्पा आले. कोट अंगाला जरा ढिला झाला होता. दारात थांबून त्यांनी व्यासपीठावरची चेंगराचेंगरी बघितली, पायऱ्यांवरची रांग बघितली, नारळ बघितले. येळगावकर माईकवरून काहीतरी सावरायला बघत होते. अप्पांनी माईक मागून घेतला.

"बसा. उभे आहेत त्यांनीही बसा," ते म्हणाले, आणि साठीला टेकलेली माणसं पटापट बसली. "सगळेच प्रमुख पाहुणे आहात असं दिसतंय. मग प्रेक्षक मीच. तीनशे धरतो. दोन-दोन मिनिटं बोललात तर दहा तास होतात. मला पंचाहत्तरी करायची आहे, शंभरी नाही. एकेक वाक्य बोला आणि खाली उतरा."

हशा झाला आणि गाडी रुळावर आली. अप्पा पहिल्या रांगेत बसले. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी आपला रुमाल ठेवला. येळगावकर तिथे टेकायला गेले तर, ती भरलेली आहे, असं सांगून त्यांना उठवलं.

रांग लागली. वाक्यं सुरू झाली. बर्गे यांनी फोल्डरमधली चार पानं एका वाक्यात बसवली. मध्ये तीनदा श्वास घेतला. लोक बोलत होते, अप्पा मान हलवत होते, आणि दर थोड्या वेळाने त्यांची नजर दाराकडे जात होती. दार उघडलं की खांदे ताठ व्हायचे. चहावाला असायचा.

शलाकाने ते दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघितल्यावर तिने फोन काढला. पण अप्पांचं कार्ड उघडायला तिचा हात धजेना.

तेवढ्यात भगवान कुंभार रांगेतून पुढे आला. ट्रकची बॉडी बांधून देण्याचा त्याचा कारखाना होता. दंड अजून लोखंडी. तो व्यासपीठावर चढलाच नाही. अप्पांसमोर येऊन उभा राहिला.

"सर, मला एक वाक्य बोलायचं नाही. तुम्हाला मला काहीतरी सांगायचंय म्हणे."

अप्पांनी त्याच्याकडे निरखून बघितलं. कुंभाराने फोन पुढे केला. कार्डावर तेवढंच होतं: सरांना तुमच्याशी बोलायचं आहे.

सभागृहात कुजबूज थांबली नाही, पण पहिल्या दोन रांगा गप्प झाल्या. अप्पांनी कार्ड वाचलं आणि फोन परत केला.

"पंच्याण्णव साली," ते म्हणाले. "प्रमेय तू घरून पाठ करून आला होतास, आणि मी म्हटलं कॉपी केलीस. तुझ्या हातावर पट्टी मोडली होती."

"हाताची नखं गेली होती दोन," कुंभार म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, माहिती होती.

"तू खरं बोलत होतास. ते मला त्याच संध्याकाळी कळलं. मी दुसऱ्या दिवशी वर्गात बोललो नाही." अप्पांनी चष्मा काढला. "चुकलं माझं, भगवान."

कुंभाराने मान हलवली. मग तो वाकून पाया पडला आणि जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

अप्पांनी आता स्वतःचा फोन काढला. आपलं कार्ड उघडलं, वाचलं, कुंभाराकडे बघितलं, पायऱ्यांवरच्या रांगेकडे बघितलं. गणिताच्या माणसाला दोन उदाहरणांवरून रीत कळते. ते उठले आणि शलाकाला घेऊन व्यासपीठामागच्या खोलीत गेले. बाहेर वाक्यं चालूच राहिली.

"हे कुणी लिहिलं?"

"यंत्राने."

"तू वाचलं नव्हतंस?"

तिने नकारार्थी मान हलवली. त्यांनी फोन तिच्या हातात दिला. विशेष उपस्थिती: चि. निषाद मोरेश्वर पोतनीस, टोरांटो.

शलाका खाली बसली. मुळात माणसं किती येतात एवढंच बघायची आपल्याला सवय, कशाने येतात ते आपण कधी बघितलंच नाही, असं काहीतरी ती भरभर बोलत राहिली. रकाना, कुलूप, येळगावकरांची यादी, सगळं सांगितलं. अप्पांनी मध्ये अडवलं नाही. ती थांबली तेव्हा ते म्हणाले,

"तो येणार नाही हे मला माहीत होतं. पस्तीस वर्षं संभाव्यता शिकवलीय मी. कार्ड बघितल्या बघितल्या म्हटलं, शंभरात दोन. त्या दोनसाठी कोट घातला."

"अप्पा, मला वाटलं होतं दादालाही कार्ड गेलं असेल. त्याला काय गेलं बघते," ती म्हणाली, निदान तेवढं तरी त्यांच्या हातात द्यावं म्हणून. तिने निषादचं नाव शोधलं. त्यापुढे कार्ड नव्हतं. राखाडी अक्षरांत एक ओळ होती: चार हजार नमुने तपासले. परिणामकारक नमुना आढळला नाही. निमंत्रण पाठवलेले नाही.

तिने ती ओळ वाचून दाखवली. वाचायला नको होती, हे शेवटच्या शब्दाला पोचल्यावर तिला कळलं.

अप्पांचा चेहरा पहिल्यांदाच पडला.

"म्हणजे त्याला कुणी बोलावलंच नाही?"

"तो येणार नव्हता, अप्पा. म्हणून यंत्राने..."

"येणार नव्हता ते कळलं गं मला. तुझ्या सातारच्या आत्याला आपण सतरा वर्षं प्रत्येक कार्याला बोलावलं. आली एकदा तरी? पण कार्ड गेलं नाही असं तुझ्या आईने कधी होऊ दिलं का?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "येणाऱ्यांना काय, कुणीही बोलावतं."

बाहेर कुणीतरी माईकवर फुंकर मारली. कुणाचं तरी वाक्य लांबलं होतं आणि मागचे ओरडत होते.

अप्पांनी तिच्याकडून निषादचा नंबर घेतला. नऊ वर्षांत तो त्यांच्या फोनमधून कधी पुसला गेला होता ते त्यांनाही आठवत नव्हतं. चष्मा लावून एका बोटाने ते लिहू लागले. एकेक अक्षर शोधत. शलाका खांद्यावरून बघत होती. 'निषाद, आज माझा सत्कार झाला. तुला बोलवायचं राहिलं. फोन मी पालथा ठेवायला नको होता. अप्पा.'

पडसादाची सोय आता सगळ्यांच्याच फोनमध्ये होती; पाठवायच्या आधी पडद्यावर पिवळी चौकट आली. प्रतिसादाची शक्यता: नगण्य. मजकूर सुधारू का?

"हे काय म्हणतंय?"

"दादा उत्तर देणार नाही, म्हणतंय."

"त्याला विचारून सांगतंय का?"

"नाही."

अप्पांनी चौकट बाजूला सारली आणि निरोप पाठवला. टोरांटोत तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मग ते तिच्याकडे वळले.

"आता तू."

"मी काय?"

"तुझाही भाऊ आहे तो. आकाशकंदील सोडून काय पाठवलंस आजवर?"

तिने फोन घेतला. आयुष्यात तिने लिहिलेली निमंत्रणं मोजायला बसलं तर लाखाच्या घरात गेली असती, आणि त्यातल्या प्रत्येकाला किती माणसं येतील ते तिला आधीच माहीत असायचं. 'दादा,' तिने लिहिलं. स्वल्पविराम दिला. अंगठा तिथेच थांबला. दादा कोणत्या शब्दाला थांबतो, कोणत्या शब्दाला पुढे सरकतो, तिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. चौकट हळूच डोकावली, नमुने दाखवू का विचारत. तिने ती बंद केली. ती पुन्हा आली. तिने पुन्हा बंद केली.

दारावर येळगावकर टकटक करू लागले. सर, अजून दोनशे वाक्यं बाकी आहेत, जेवण गार होतंय.

"थांबायला सांग सगळ्यांना," अप्पा म्हणाले, आणि वर्गात गणित अडलेल्या पोरीच्या बाकाशेजारी बसावं तसे कोटासकट तिच्याजवळ बसले. उत्तर त्यांनाही येत नव्हतं.